चौथ्या कातेआधी

क्वार्टर क्रमांक ४३, चिखला
रविवार, २७ नोव्हेंबर १९८३

प्रिय सौ. शकुन भोजराज निखाडे,

असे पूर्ण नाव लिहिलेले पाहून तुला हसू आले असते. बावीस वर्षांच्या संसारात मी तुला एकदाही नावाने हाक मारली नाही. आपल्या दोन्ही घरांत ती रीत नव्हती. तू मला ‘अजी’ म्हणत होतीस आणि मी तुला ‘ऐकतेस का’ म्हणत होतो. तुझे नाव मी लिहिले ते केवळ कागदांवर: रेशनकार्डावर, कंपनीच्या दवाखान्याच्या कार्डावर आणि गेल्या महिन्यात मृत्यूच्या नोंदवहीत. तेथे लिहिताना असे लक्षात आले की हे नाव मला वळणदार अक्षरात लिहिता येते, परंतु तोंडाने उच्चारण्याचा सराव मला नाही. म्हणून जे बोलायचे राहिले ते लिहूनच सांगतो आहे.

पत्राचा विषय आरंभीच नमूद करतो, कारण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पान उलटेपर्यंत मी भलतेच काहीतरी लिहीत बसेन. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यात तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी त्याचे उत्तर तत्काळ दिले. ते उत्तर मी न पाहता दिले होते. ते मला दुरुस्त करायचे आहे. उद्या सकाळी हे क्वार्टर सोडायचे आहे. मी मध्य प्रदेशातल्या खाणीवर बदली मागून घेतली आणि कंपनीने ती मुकाट्याने दिली. हे पत्र त्याआधी पुरे व्हावे, इतकीच माझी खटपट आहे.

सामान बांधून झाले आहे. प्रयोगशाळेतल्या जुन्या परसरामने दोन पेट्या, एक होल्डॉल आणि तुझी शिवणयंत्राची पेटी चाचपत दोरीने आवळून ठेवली आहे. तुझ्या किड्यांच्या बाटल्या मात्र कशा बांधाव्यात ते त्याला कळेना. एकतीस बाटल्या निघाल्या. हॉर्लिक्सच्या, लोणच्याच्या, माझ्या प्रयोगशाळेतून आलेल्या दोन रुंद तोंडाच्या. प्रत्येकीच्या तोंडाला तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि आत उलटे लटकायला एक वाळकी काडी. कौशल्याबाई शेजारून पाहत होत्या. म्हणाल्या, “मास्तर, त्या बाटल्या मले द्या, मी तिखट-मीठ भरीन.” मी मास्तर नाही हे त्यांना इतक्या वर्षांत पटलेले नाही. बाटल्या दिल्या. त्या एकेक बाटली पदराने पुसत घरात नेत होत्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, “कशी भांडली होती माह्यासंग या किड्यांपायी!”

ते भांडण मला आठवते. पहिल्याच वर्षी, १९७३ च्या पावसाळ्यात, तू लिंबाच्या फांदीवरून अंड्यांचे ते वाळक्या फेसासारखे कोश काढून आणलेस आणि आठव्या दिवशी स्वयंपाकघराच्या जाळीवर मुंगीएवढी शंभरएक पिले पसरली. कॉलनीत त्यांना सगळे ‘हातजोड्या’ म्हणत. मी तुला ‘प्रार्थनाकीटक’ हा शुद्ध शब्द सांगितला. तो तू एकदा नीट म्हणून दाखवलास आणि परत हातजोड्यावर आलीस. कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. “काहो शकुनबाई, लोक गाय पोसतात, बकरी पोसतात. हे काय पोसून राहिल्या तुमी? दूध देते का हे?” तू मान वर न करता म्हणालीस, “दूध नाही देत जी, पन माशा खाते. तुमच्या घरच्या पाठवून द्या, त्यांचं पोट भरते आन तुमच्या पोरायची नाकं माशायपासून वाचतात.” मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. हसू दाबण्यासाठी मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. बाहेर येऊन तुला तेवढेच सांगितले की शेजाऱ्यांशी असे बोलू नये.

एका कोशातली पिले एकत्र ठेवली की एकमेकांना खातात, हे तुला दुसऱ्याच दिवशी कळले. तू एकेकाला वेगळी बाटली दिलीस. पहिले काही दिवस सडक्या पेरूवरची चिलटे, मग घरमाश्या, मग धानाच्या बांधावरचे नाकतोडे. मला वाटले, विरंगुळा म्हणून ठीक आहे, पण जे करायचे ते शिस्तीने झाले पाहिजे. मी प्रयोगशाळेतून एक जाड रजिस्टर आणले आणि रूळ घेऊन स्वतः रकाने आखून दिले: तारीख, बाटली, कितवी कात, लांबी, खाद्य, लिंग. लांबी मोजायला आलेख कागदाची पट्टी चिकटवून दिली. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र हा माझा विषय होता. त्या आधारावर मी तुला सांगितले की या जातीत मादी मोठी आणि नर लहान, तेव्हा आकार पाहून शेवटचा रकाना भरत जा. तू भरत गेलीस. सातवी इयत्ता शिकलेले तुझे अक्षर माझ्या अक्षरापेक्षा सरळ होते. पण तू ‘कात टाकली’ असे न लिहिता ‘लुगडं बदलवलं’ असे लिहीत होतीस. मी तांबड्या शाईने ते ठिकठिकाणी दुरुस्त केले.

आज ती रजिस्टरे पुन्हा पाहिली. तांबड्या शाईची लाज वाटावी इतकी ती तुझ्या कामावर पसरलेली आहे. एका ठिकाणी तू लिहिले आहेस, ‘सवाईनं वाढते’. मी त्यावर काट मारून ‘वाढीचे प्रमाण १.२७’ असे लिहिले आहे. हा आकडा काढायला मला एक रविवार लागला होता. तुझ्या वडिलांच्या घरी धान सवाईने देण्याघेण्याची बोली होती. एका मापाचे सव्वा माप हे तुला डोळ्यांनी दिसत होते. सात मिलिमीटरचे पिलू कात टाकून नऊचे झाले, नवाचे साडेअकराचे, साडेअकराचे साडेचौदाचे. तू पट्टी लावायच्या आधीच ‘आता इतकं होईन’ म्हणून बोटाने दाखवत होतीस आणि ते तितकेच होत होते.

ही पिले तू पाळलीस ती का, हे मी तुला कधी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. आदल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर आपल्याला झालेले बाळ जन्मतःच गेले होते. कॉलनीच्या त्याच दवाखान्यात. तू बेशुद्ध होतीस. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. रस्त्यावरून पोरे लाकडी बैल ओढत, घरोघरी बोजाऱ्याचे पैसे मागत चालली होती आणि चाकांचा खडखडाट आत येत होता. डॉक्टर बाहेर आले आणि बाई वाचली, बाळ गेले, असे म्हणाले. मग नर्सबाई पांढऱ्या कापडातले गाठोडे घेऊन आल्या. “पाहून घ्या,” म्हणाल्या. मी म्हणालो, आवश्यकता नाही. अगदी हेच शब्द मी वापरले. त्यांनी एक रजिस्टर पुढे केले, मी त्यावर सही केली आणि गाठोडे परसरामच्या हाती दिले. परसराम तेव्हा प्रयोगशाळेत नमुने आणून देण्याचे काम करी. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि त्याने स्वतःची दोन मुले पुरलेली होती. मी त्याला म्हणालो, तू बघ. तो कॉलनीमागच्या नाल्याकडे गेला. मी बाकावर बसून राहिलो.

संध्याकाळी तू शुद्धीवर आलीस. प्रथम पाणी मागितलेस. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तुला कळले आणि तू डोळे मिटलेस. मग विचारलेस, “काय होतं जी?” मी म्हणालो, “मुलगा.”

हे का म्हणालो याचा विचार मी अकरा वर्षे करतो आहे. रस्त्यावर पोरे बैल ओढत होती म्हणून असेल. तो शब्द ओठांवर तयार होता म्हणून असेल. पण प्रामाणिकपणे लिहायचे तर मला असे वाटले की मुलगा म्हटल्याने आपल्या दुःखाला लोकांत अधिक मान मिळेल. आणि ‘मी पाहिले नाही’ हे म्हणण्याची मला लाज वाटली. मी खाणीतून आलेला दगड तीनदा वाटून, तीनदा तोलून, त्यात मँगनीज किती ते सांगणारा मनुष्य. न तपासता आकडा लिहिला म्हणून एका सहायकाला मी लेखी समज दिलेली आहे. आणि माझ्या अपत्याला मी पाहिले नव्हते. पाहिले असते तर मला रडू आले असते, आणि व्हरांड्यात कंपनीची माणसे होती. कारण इतकेच.

पुढल्या तान्ह्या पोळ्याला तू बाजारातून एक लहानसा लाकडी बैल आणलास, त्याला शेंदूर लावलास आणि कौशल्याबाईंच्या लहान मुलाला दिलास. त्याच्या पुढल्या वर्षीही दिलास. दोन्ही वेळा मी तुझ्या हातातला तो बैल पाहिला आणि मान खाली घालून कामावर निघून गेलो. माझ्या एका शब्दातून तू एक मुलगा घडवला होतास. त्याला चाकांचा बैल लागत होता. मी तो शब्द परत घेऊ शकलो असतो. घेतला नाही.

तिसऱ्या वर्षी तू बैल आणला नाहीस. त्याऐवजी भाद्रपदाच्या पौर्णिमेला कुंभाराकडून मातीची भुलाबाई आणून बसवलीस. कॉलनीतल्या पोरी संध्याकाळी अंगणात जमू लागल्या. गाणी म्हणायच्या, तू डब्यात खिरापत लपवून ओळखायला लावायचीस, त्या डबा कानाशी हलवून ‘शेंगदाने! नाही वं, फुटाने!’ म्हणून गलका करायच्या. भुलाबाई पोरींनी बसवायची असते, घरात पोर नसताना ती कशी बसवली, असे बायका बोलल्या. मीही तुला म्हटले की लोकांत दिसेल असे काही करू नये. तू म्हणालीस, “बसवू द्या जी. मले बसवाची हाय.” मला वाटले, तुला गाण्याची आवड आहे. आठ वर्षे मी असेच समजून चाललो.

त्याच वर्षापासून तुझ्या रजिस्टरातला शेवटचा रकाना रिकामा राहू लागला. मी महिन्याची तपासणी करताना तुला बोललो होतो: नोंदवहीत रकाना रिकामा ठेवणे ही अपूर्ण नोंद होय. त्यावर तू मला आत नेलेस आणि अकरा नंबरची बाटली दाखवलीस. आठवते का? त्या पिलाला तू ‘बारक्या’ म्हणत होतीस, आणि मागे माझ्या नियमाने लहान म्हणून नर लिहिलेले होते. सात नंबरला रोज माशी, अकरा नंबरला तीन दिवसांतून एक. दोन्ही एकाच कोशातली, एकाच दिवशीची. सात नंबर सहाव्या कातेला पोचली तेव्हा अकरा नंबर चौथ्याच कातेवर होती. तू ती काडीवरून उलटी केलीस आणि भिंगाखाली धरलीस. “पोट पाहा जी. पेरं मोजा. ऊस असते ना, तशे. बुवाचे आठ असतात, आन बारीक बारीक होत जातात. बाईचे सहाच, आन शेवटचं मोठं. ही बाई हाय. बारकी दिसे ते उपाशी होती म्हनून.” मग म्हणालीस, “चौथ्या लुगड्याआधी कोनालेच नाही सांगता येत. जो सांगते तो न पाहता सांगते.”

मी म्हणालो, नोंद कोठे तरी चुकली असेल. भिंगातून मी पाहिले नव्हते. पुस्तकातला नियम मला पाठ होता.

त्यानंतर दर पावसाळ्यात एकदा तरी तू एखादे पिलू माझ्या हातावर ठेवीत होतीस. मी जेवून उठलो असेन, किंवा दाढी करीत असेन. ते हिरवे पोर माझ्या मनगटावर डुलत उभे राही, आपले त्रिकोणी तोंड वळवून माझ्याकडे बघे. तू म्हणत होतीस, “पाहून सांगा, काय हाय?” मी लांबीचा अंदाज घेऊन उत्तर देत असे. तू म्हणत होतीस, “पाह्यलं नाही तुमी.” यात चेष्टा आहे असे मी समजत होतो, आणि एकदा, परसराम समोर असताना, मी तुझ्यावर चिडलोसुद्धा. मला दुसरी कामे आहेत, असे बोललो. परसराम खाली बघत राहिला. तू पिलू उचलून घेतलेस. तरी पुढल्या पावसाळ्यात तू परत विचारलेस. आठ पावसाळे तू विचारलेस, शकुन.

या भाद्रपदात तुझी कावीळ वाढली. तुला उठवत नव्हते, तरी बाटल्यांची काळजी सुटत नव्हती. चिलटे मी पकडू लागलो. माझी ती धडपड पाहून पडल्या पडल्या तू हसत होतीस. “पेरू सडू द्या जी, फ्रीजमधी ठेवल्यावानी तो पुसून पुसून ठेवता काहून?” सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी तू मला म्हणालीस की माझे डोळे आता भिंगाला लागत नाहीत, तेवढे चौथ्या कातेचे आज तुम्ही पाहा. त्या दिवशी प्रथमच मी भिंग घेतले. खिडकीपाशी बसलो. पिलू उलटे केले, त्याने माझ्या नखाला पकडले. मी सुईच्या टोकाने मोजले. पुन्हा मोजले. सहा. शेवटचे मोठे. मी म्हणालो, मादी आहे. तू म्हणालीस, “आता पाह्यलं तुमी.” मग तू माझ्याकडे पाहत राहिलीस. पिवळे झालेले ते डोळे माझ्यावरून ढळत नव्हते. विचारलेस, “आनखी काही सांगाचं हाय का जी?”

मला जे सांगायचे होते ते फार नव्हते. ‘मी तेव्हा पाहिले नव्हते’, एवढेच वाक्य. परंतु मी विचार केला की आजारी माणसाला त्रास होईल. मी विचार असा केला, हे मी आज लिहितो आहे. खरे तर मी भ्यालो. मी म्हणालो, “हो, गोळी घ्यायची वेळ झाली.” तू गोळी घेतलीस आणि भिंतीकडे तोंड केलेस.

त्याच संध्याकाळी पोरी भुलाबाई म्हणायला अंगणात आल्या. तू अंथरुणावरून मान उचललीस. मी बाहेर जाऊन त्यांना परत पाठवले, बाईंना विश्रांती हवी आहे म्हणून. त्या डबा घेऊन निघून गेल्या. पाचव्या दिवशी तू गेलीस.

तेराव्यानंतर परसराम बसायला आला. आता तो कामावर नाही, डोळ्यांनी अधू झाला आहे. ओसरीवर बसून त्याने बिडी काढली आणि न पेटवता तशीच हातात धरली. माझी समजूत घालावी म्हणून तो म्हणाला, “बाई गेली साहेब, पन तिच्यापाशी गेली ना. तिले म्या मोहाच्या झाडाखाली ठेवलं होतं. बाई नेहमी जाये तिकडं.” मी विचारले, “तिले?” त्याला वाटले मला ऐकू आले नाही. तो मोठ्याने म्हणाला, “तिलेच तं! पोरगी होती ना जी.” मग माझे तोंड पाहून तो थबकला. “तुमाले ठाऊक नाही? तुमी पाह्यलं नव्हतं?” मी विचारले, बाईला ठाऊक होते का. तेव्हा त्याने हळूहळू सांगितले. १९७५ साली, पोळ्याच्या आठ दिवस आधी, तू त्याला नाल्यावर गाठून विचारले होतेस. “बाईनं इचारलं, परसरामभाऊ, कुठं ठेवलं माह्या पोराले? म्या म्हनलो, पोराले नाही वो बाई, पोरीले. मंग म्हने, साहेबाले सांगू नको का तू मले सांगितलं म्हनून. ते सोताच सांगतीन.”

‘ते सोताच सांगतीन.’ मी स्वतः सांगेन असा तुझा विश्वास होता. आठ वर्षे तो तू टिकवलास.

परसराम गेल्यावर मी जे केले तेही नमूद करतो. मी तुझी सर्व रजिस्टरे काढली आणि पहाटेपर्यंत वाचली. तू कोठेतरी माझ्यावर राग लिहून ठेवला असेल असे मला वाटत होते. तो सापडला असता तर मला बरे वाटले असते. काही सापडले नाही. तारखा, काता, लांबी, खाद्य. कोणत्या बाटलीतली मादी एक कात जास्त टाकते आणि नर आधी वयात येऊन दिव्यावर उडतो, त्याच्या नोंदी. माझ्याविषयी त्यात एकच वाक्य आहे, १९७९ च्या जुलैतले: ‘आज त्यांनी माश्या पकडून आनल्या, चार.’ ते मी पकडल्याचेही मला आठवत नाही.

काल भैय्याजी लिपिकाने बदलीचे कागद भरून घेतले. कुटुंबाच्या माहितीत ‘अपत्ये’ यापुढे त्याने सवयीने ‘नाही’ लिहिले. मी ते खोडायला लावले. तो वैतागला. म्हणाला, “निखाडे साहेब, जिवंत अपत्य असन तेच लिहितात. ऑडिटवाला मले इचारीन, मी काय सांगू?” मी म्हणालो, मला विचारायला सांग. तो पुष्कळ कुरकुरला, पण त्याने ‘एक’ असे लिहिले. ते अक्षर त्याचे असल्यामुळे फारसे चांगले नाही.

बाटल्यांतली शेवटची सहा पिले मोठी झाली होती. थंडीत ती फार हलत नव्हती. मी ती आज दुपारी लिंबावर सोडली, प्रत्येक वेगळ्या फांदीवर. नंतर परसरामला बरोबर घेऊन नाल्याकडे गेलो. अकरा वर्षांत मी त्या बाजूला गेलो नव्हतो. मोहाचे झाड आहे. खाली काही खूण नाही. परसरामने काठीने एक जागा दाखवली, मग म्हणाला, “इथंच असन जी, नाही तं थोडी तिकडं.” त्याचे डोळे आता खरोखरच गेले आहेत. मी त्या दोन्ही जागांवर थोडा वेळ उभा राहिलो. तू तेथे येऊन काय करीत होतीस, ते त्याला ठाऊक नव्हते. बसून राहत होतीस, एवढेच म्हणाला.

आता मूळ गोष्ट. क्षमा मागण्यासाठी हे पत्र नाही. क्षमा मागून मला मोकळे होता येईल, आणि तसे मोकळे होण्याचा मला अधिकार आहे असे वाटत नाही. तू ८ सप्टेंबर १९७२ रोजी संध्याकाळी मला एक साधा प्रश्न विचारला होतास. त्याला बापाकडून उत्तर मिळावे एवढीच तुझी अपेक्षा होती. ते तुला दुसऱ्याकडून मिळाले, तरी तू माझ्याकडून मिळण्याची वाट पाहिलीस. शुक्रवारी मी दवाखान्यात जाऊन ते जुने रजिस्टर काढायला लावले. कंपाउंडरने धूळ झटकून पान उघडून दिले. खाली माझी सही आहे, सुवाच्य, तारखेसह. वर जे लिहिले आहे ते मी अकरा वर्षांनी वाचले. त्यावरून, आणि परसरामने जे पाहिले त्यावरून, उत्तर देतो. मुलगी होती, शकुन. वजन दोन किलो सातशे ग्रॅम. परसराम म्हणतो की केस दाट होते, कानांवर आलेले, आणि ते ओले होते म्हणून त्याने आपल्या दुपट्ट्याने पुसले. हे त्याने तुला सांगितले होते की नाही, त्याला आठवत नाही. म्हणून मी सांगतो आहे. मी तिला पाहिले नाही.

तुझाच,
भोजराज

ता. क. सोमवार, २८ नोव्हेंबर. बसथांब्यावरून लिहितो आहे. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी क्वार्टरच्या दाराला कुलूप लावले. ते ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या भैय्याजीकडे परत केल्या आणि त्याची सही घेतली.